आठ फवाऱ्यांची तूट

आमच्या शाखेत प्रत्येकाला एकेक आजार आहे आणि तो ज्याच्या त्याच्या हुद्द्याला शोभेसा आहे. साहेबांना रक्तदाब आहे. तो असायलाच हवा. नाहीतर ‘मला टेन्शन देऊ नका’ हे वाक्य त्यांनी कशाच्या आधारावर म्हणायचं? हेडकॅशियरना मधुमेह आहे आणि तो त्यांनी मुदत ठेवीसारखा जपला आहे. दर तीन महिन्यांनी ते त्याचा आकडा सर्वांना वाचून दाखवतात. कर्जविभागातल्या बाईंचं डोकं दुखतं, ते कर्जदार समोर येऊन बसला की. शिपायाची कंबर धरते, ती वरच्या मजल्यावरून फायली आणायच्या असल्या की. दुपारी डबे उघडले म्हणजे ही मंडळी आपापले आजार भाजीसारखे एकमेकांना वाढतात. ‘घ्या हो थोडं, आमच्या पित्ताचं ऐका.’

मला मात्र दमा आहे. आणि दमा काही असा पुढं सरकवण्याजोगा आजार नाही. त्याला प्रतिष्ठाच नाही. सिनेमात नायकाला मोठमोठे दुर्धर रोग होतात आणि त्याला ते शोभूनही दिसतात. दमा होतो तो कोपऱ्यात घोंगडी पांघरून बसलेल्या म्हाताऱ्याला. तो दोन संवाद खोकतो आणि मध्यंतराच्या आत जातो. मी चाळिशीतला, बी.कॉम., केस अजून बऱ्यापैकी शिल्लक असलेला माणूस. त्या घोंगडीत शिरायची माझी मुळीच तयारी नव्हती.

सुरुवात झाली ती पर्वतीवर. तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात हेडकॅशियरना त्यांच्या डॉक्टरांनी पर्वती चढायला सांगितली आणि त्यांनी ती माझ्या नावावर ट्रान्स्फर केली. ‘एकट्याला कंटाळा येतो हो,’ म्हणाले. रविवारी पहाटे पुण्यातली ती खणखणीत, कोरडी थंडी. नाक गारठलेलं, म्हणून तोंड उघडं ठेवून मी त्या शंभरावर तीन पायऱ्या एका दमात चढलो. वर पोचलो तेव्हा हेडकॅशियर अजून साठाव्या पायरीवर होते. मी विजयी मुद्रेनं कठड्यावर बसलो, खाली पसरलेल्या पुण्याकडे पाहिलं, आणि पाचसात मिनिटांनी माझ्या छातीतून शिटी वाजली.

आधी वाटलं, जवळपास कुणीतरी पोहे-चहाची गाडी लावली असावी. मग लक्षात आलं की किटली मीच आहे. श्वास आत जात होता, पण बाहेर यायला तयार नव्हता; पेन्शनच्या दिवशी गर्दीत शिरलेल्या आजोबांसारखा. एवढ्यात हेडकॅशियर वर पोचले. ‘काय झालं? रडताय का?’ त्यांनी विचारलं. मी मान हलवली. ती नाहीसाठी होती. त्यांनी होयसाठी धरली आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाले, ‘असू द्या. इथं आलं की होतं असं काहीकाही. पेशव्यांची जागा आहे.’

अर्ध्यापाऊण तासात सगळं आपोआप शांत झालं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. चढताना काही नाही; बसलो की वाद्यवृंद सुरू. कॉमर्सच्या माणसाला तर्कशास्त्र नसतं असं म्हणतात ते खोटं आहे. मी अगदी शास्त्रशुद्ध तर्क केला: त्रास चढल्यानं होत नाही, थांबल्यानं होतो, सबब थांबू नये. तिसऱ्या रविवारी मी वर पोचल्याबरोबर उलटा फिरून खाली आलो आणि खाली आल्यावर रिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं मला थेट दवाखान्यात नेलं. त्याचं मीटर आणि माझी छाती, दोघं एका सुरात चालू होती.

छातीच्या डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी मला एका नळीत फुंकायला बसवलं. ही तपासणी ज्यांनी केलेली नाही त्यांना सांगतो, एवढ्या प्रेमानं आणि एवढ्या मोठ्यानं आजवर माझ्यावर कुणी ओरडलेलं नाही. ‘जोरात! अजून! अजून! सोडू नका, अजून, अजून!’ तिथला मुलगा टेबलावर हात आपटत होता. छातीतली किती हवा पहिल्या सेकंदात बाहेर पडते, ते हे यंत्र मोजतं. मग पंपातून औषध दिलं, पंधरा मिनिटं बसवलं आणि पुन्हा तोच आरडाओरडा. दुसऱ्या खेपेला आकडा चांगलाच वाढला. मी खूश झालो. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘खूश काय होताय? औषधानं आकडा एवढा वाढला, याचा अर्थ नळ्या आवळलेल्या होत्या. दमा आहे तुम्हाला.’

‘पण मी चढताना...’

‘चढताना नाही. चढून झाल्यावर,’ त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला कागदावर चित्र काढून सगळा व्यवहार समजावून दिला. तो मला जन्मात विसरता येणार नाही, कारण तो हुबेहूब आमच्या बँकेचा आहे.

स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला सहाआठ लिटर हवा पुरते. ही हवा नाकाच्या खिडकीवर येते. नाक तिला गरम करतं, ओलावा देतं, कचरा अडवतं, आणि मग आत सोडतं. एका क्लार्कला झेपण्यासारखं काम. पण माणूस धावू लागला, चढू लागला की मिनिटाला पन्नाससाठ लिटर हवा लागते. मग नाकाची खिडकी पुरत नाही, तोंडाचं शटरच वर करावं लागतं, आणि थंड, कोरडी हवा तपासणीशिवाय थेट आत घुसते. तिला ओलावा द्यायचा कुणी? आतल्या नळ्यांच्या अस्तरानं. अस्तरावरचं पाणी उडून जातं, मागं उरलेलं खारट, दाट होतं. दमेकऱ्याच्या नळ्यांमधल्या काही पेशी मुळातच तापट. त्या चिडतात आणि हिस्टामिन, ल्युकोट्राईन असली द्रव्यं ओततात. त्यांच्या चिथावणीनं नळ्यांभोवतालचे स्नायू आवळतात. आणि हे सगळं जोरात येतं ते धावणं थांबल्यावर, पाचदहा मिनिटांनी. आमच्याकडे नाही का? काउंटरवर रांग असते तोवर सगळं सुरळीत. कॅशमधला फरक कळतो तो शटर खाली ओढल्यावर.

‘यासाठी धावावंच लागतं असंही नाही,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. नुसता भराभर श्वास घेतला तरी पुरतं. खेळाडूंसाठी तशी एक तपासणीही आहे. जागेवर बसून सहा मिनिटं कोरडी हवा जोरजोरात ओढायची. चक्कर येऊ नये म्हणून त्या हवेत पाच टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो. आता, जागेवर बसून धापा टाकणं ही गोष्ट एकतीस मार्च पाहिलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

नळ्या सैल करणाऱ्या औषधाला ब्राँकोडायलेटर म्हणतात. मराठीत ‘श्वासनलिका-विस्फारक’. हा शब्द उच्चारायलाच एक फवारा लागतो, म्हणून मी त्याला ‘रुंदीकरण’ म्हणतो. आमच्या गल्लीच्या रुंदीकरणाची खूण भिंतीवर रंगवून सोळा वर्षं झाली. पावसानं दोनदा धुतली, दोनदा पुन्हा रंगवली. गल्ली तेवढीच आहे. इथं मात्र सालब्युटामॉल नावाचं औषध जातं, स्नायूंना ‘सैल व्हा’ म्हणतं, आणि पाच मिनिटांत वाहतूक सुरू. चारसहा तास टिकते. हे औषध 1969 साली इंग्लंडमध्ये बाजारात आलं. पंपाचं यंत्र त्याच्याही आधीचं, आणि त्याची कथा तर फारच गोड आहे. 1955 साली अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या अध्यक्षाला त्याच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीनं विचारलं, माझं औषध केसांच्या फवाऱ्यासारखं डब्यात का नाही मिळत? बापानं मुलीचं ऐकलं आणि पुढच्याच वर्षी पंप दुकानात आला. बापानं मुलीचं ऐकलं, हे वाक्य जरा लक्षात ठेवा. त्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

मला पंप मिळाला. पहिल्या दिवशी मी तो अत्तरासारखा मारला. निम्मं औषध जिभेला, निम्मं चष्म्याला. डॉक्टरबाईंनी शिकवलं: आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबता दाबता सावकाश, खोल ओढायचा आणि दहा आकडे श्वास रोखायचा. मी दहा मोजले. ‘हे काय?’ त्या म्हणाल्या. ‘नोटा मोजताय का? हळू.’ व्यायामाच्या पंधरा मिनिटं आधी दोन फवारे घेतले तर शिटी वाजणारच नाही, हेही सांगितलं. शिवाय रोजचा दुसरा एक पंप दिला, आतली सूज उतरवणारा. ‘पहिल्या पंपानं नुसता रस्ता मोकळा होतो, सूज तशीच राहते,’ त्या म्हणाल्या. मला लगेच कळलं. भरणा न करता नुसते पैसे काढत राहणं, म्हणजेच ओव्हरड्राफ्ट. 2019 पासून दम्याचे जागतिक जाणकारही हेच सांगताहेत, की मोठ्या माणसांनी नुसत्या रुंदीकरणाच्या पंपावर विसंबू नये.

इथवर सगळं ठीक होतं. पण मी घरी येऊन हिला एवढंच म्हणालो, ‘कुणाला सांगू नकोस हं.’

कारण मला सल्ले नको होते. तरी ते आलेच. शेजारच्या अप्पांनी भिंतीपलीकडून शिटी ऐकली असावी. ‘मृगाला हैदराबादला जा आणि जिवंत मासा गिळून या,’ म्हणाले. मी कोकणस्थ आहे हे मी सांगितलं, तर म्हणाले, ‘माशाला कुठं ठाऊक आहे?’ अडुळशाचा काढा झाला. कोरी कॉफी झाली. तिचा सल्ला मात्र अगदीच टाकाऊ नव्हता. 1860 सालच्या दम्यावरच्या ग्रंथात सॉल्टर नावाच्या इंग्रज डॉक्टरानं तीच सांगितली होती. कॉफीतलं कॅफिन नळ्या थोड्याफार सैल करतं. पण एवढ्या कॉफीवर झोप कोण देणार? आणि सर्वांच्या सल्ल्याचं शेवटचं वाक्य एकच: ‘पंप नको हं. पंपाची सवय लागते. त्यापेक्षा गोळी बरी.’

मी कागद घेऊन हिशोब केला. सालब्युटामॉलची एक गोळी चार मिलिग्रॅमची. पंपाचा एक फवारा शंभर मायक्रोग्रॅमचा. म्हणजे एका गोळीत चाळीस फवारे! गोळी पोटातून, रक्तातून, सबंध अंगाला वळसा घालून छातीत पोचते आणि वाटेत हाताला कापरं भरवते, हृदयाची धडधड वाढवते. फवारा तेवढा थेट पत्त्यावर. हा हिशोब मी अप्पांना दाखवला. त्यांनी तो दोनदा तपासला आणि म्हणाले, ‘आकडे बरोबर आहेत. पण गोळी बरी.’

अप्पांना हसून काय उपयोग? मी तरी काय करत होतो? पंप चष्म्याच्या जुन्या घरात ठेवून हिंडत होतो. बँकेत श्वास लागला की स्टेशनरीच्या खोलीत जाऊन, व्हाउचरांच्या गठ्ठ्यांकडे तोंड करून घेत होतो. स्टेशनरीच्या खोलीत मी सारखा सारखा का जातो याबद्दल शाखेत दोन मतप्रवाह होते, आणि दोन्ही माझ्या चारित्र्याला धरून नव्हते. तरीही मी पंप दाखवला नाही.

जानेवारीत बँकेचं स्नेहसंमेलन झालं. मी माझाच एक विनोदी लेख वाचायला उभा राहिलो. आता लेखक स्वतःच्या विनोदाला हसला तर शिष्टाचार मोडतो एवढंच लोकांना माहीत असतं. माझ्या बाबतीत नळ्याही मोडतात. कारण हसणं म्हणजे काय? भराभर घेतलेला श्वासच. दम्याला चढाव आणि विनोद यांतला फरक कळत नाही. तिसऱ्या परिच्छेदाला मी स्वतःच खदखदून हसलो आणि शिटी सुरू झाली. मी माईकसमोर हात हलवत, डोळे फिरवत श्वास ओढतोय आणि समोर लोक टाळ्या वाजवताहेत! ‘काय अभिनय आहे!’ साहेब म्हणाल्याचं मला नंतर कळलं. मी कसाबसा पडद्यामागं गेलो, पाठ करून दोन फवारे घेतले, आणि वळलो तो समोर आमची कन्या. इयत्ता सातवी. हातात माझ्यासाठी पाण्याचा पेला. तिनं काही विचारलं नाही. मीही ओठांवर बोट ठेवलं.

आता तुटीकडे येतो.

माझ्या पंपात दोनशे फवारे असतात आणि मागं एक आकडा असतो. दर फवाऱ्याला तो एकानं उतरतो. बँकेतल्या माणसाला दुसऱ्याच्या यंत्रावर विश्वास नसल्यामुळं मी शिवाय डायरीतही नोंद ठेवतो. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी बाकी काढली. डायरी म्हणत होती एकशे बत्तीस, पंप म्हणत होता एकशे चोवीस. आठ फवाऱ्यांची तूट!

बँकेत आठ रुपयांचा फरक आला तरी आम्ही घरी जात नाही. मी दोन्ही आकडे समोर ठेवून बसलो. फरकाला नऊनं भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल झालेली असते, हा आमचा जुना मंत्र. आठाला नऊनं भाग जात नाही. मग दुसरा मंत्र: फरकाचं निम्मं करून शोधा. चार. चार वेळा काहीतरी दोन-दोन... मंगळवार, गुरुवार, मंगळवार, गुरुवार. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखांना गोल केलेला होता आणि त्यात कन्येच्या अक्षरात लिहिलं होतं: खो-खो.

मी तिला हाक मारली. पंप आणि डायरी दोन्ही टेबलावर. ती आली, पाहिलं आणि जे काय समजायचं ते समजली.

‘धावताना होतं का?’ मी विचारलं.

‘धावताना नाही. आऊट होऊन बसलं की.’

‘कधीपासून?’

‘दिवाळीनंतर. बाई म्हणतात, मी नाटकं करते. पळताना बरी पळते म्हणे, मग बसल्यावर कशी धाप लागते?’

तीन वर्षांपूर्वीचा पर्वतीवरचा मीच समोर उभा होतो. फक्त वेण्या घातलेला.

‘अगं, मग आम्हाला सांगायचं नाही का?’

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

‘तू तरी कुठं कुणाला सांगतोस, बाबा?’

ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातातला झारा तसाच राहिला. मला दुसऱ्याच्या फरकाच्या हजार नोंदी सापडल्या असतील. स्वतःची ही पहिलीच. मी आठ फवारे शोधत होतो. पोर दिवाळीपासून आपला श्वास लपवत होती, आणि ते लपवणं माझ्याकडून शिकली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी आधी तिला रागावून घेतलं: दुसऱ्याचं औषध, तेही न सांगता? मग तिला बाहेर नळी फुंकायला पाठवलं आणि मला रागावल्या. ते मी इथं लिहीत नाही. लेख कुटुंबात वाचला जातो. एवढंच सांगतो, शेवटी त्या म्हणाल्या, ‘पंप लागतो यात काही बिघडत नाही. पोरीला मैदानावर श्वास लागला आहे आणि पंप चष्म्याच्या घरात आहे, हे कुणालाच ठाऊक नाही, यात जीव जातो.’

कन्येला तिचा स्वतःचा औषधोपचार मिळाला, आणि खेळाआधी अंग तापवायची शिकवण. एकदम पळत सुटण्याआधी थोडं पळावं, थांबावं, पुन्हा पळावं. मग पुष्कळांच्या नळ्या पुढचे एकदोन तास तेवढ्या आवळत नाहीत. ‘खो-खो सोडायचा का?’ हिनं भीतभीत विचारलं. डॉक्टरबाईंनी तिला 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकची गोष्ट सांगितली. अमेरिकेच्या 597 खेळाडूंपैकी 67 जणांना व्यायामानं होणारा हा त्रास होता, आणि त्यांनी मिळून 41 पदकं मिळवली. हिनं आकडा ऐकला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की ‘तुम्हाला पर्वतीवरून काय मिळालं?’

मार्चमध्ये शाळांचे सामने झाले. मी रजा काढली होती. एकतीस मार्चच्या महिन्यात क्लार्कनं रजा मागणं म्हणजे काय ते साहेबांच्या रक्तदाबाला विचारा. मैदानाभोवती पालकांची गर्दी. आमची कन्या सुरुवातीच्या तिघींत पळणार होती. सामन्याला पंधरा मिनिटं होती आणि मैदानाच्या त्या टोकावरून ती जीव खाऊन ओरडली, ‘बाबा, माझा पंप दे!’

सबंध मैदानानं वळून पाहिलं. त्यात बाई होत्या, अप्पा होते, अप्पांच्या वहिनी होत्या, ज्यांचं निम्मं आयुष्य स्थळं सुचवण्यात गेलं आहे. मी खिशातून चष्म्याचं घर काढलं. मग काय वाटलं कोण जाणे, ते घर मी तिथंच कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि नुसता निळा पंप हातात धरून, सर्वांच्या देखत मैदान ओलांडून गेलो. तिनं हलवला, श्वास सोडला, सावकाश ओढला, दहा मोजले. माझ्यापेक्षा हळू मोजते.

सामना आम्ही हरलो. कन्या अडीच मिनिटं पळाली, बाद झाली, बाकावर येऊन बसली. मी घड्याळ लावून पाहत होतो. पाच मिनिटं. दहा. पंधरा. शिटी वाजली ती फक्त पंचांची.

त्याच रविवारी मी पर्वतीच्या पायथ्याशी, हेडकॅशियरसमोर पंप काढून दोन फवारे घेतले. ते बघतच राहिले. मग म्हणाले, ‘हे तुम्ही स्टेशनरीच्या खोलीत...?’ मी मान हलवली. या वेळी ती होयसाठी होती. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, स्वेटरच्या आतल्या खिशात हात घातला आणि हळूच बाहेर काढला. निळाच. ‘दोन वर्षं झाली,’ म्हणाले. ‘मधुमेहाचं सांगता येतं हो. याचं कसं सांगायचं?’

सोमवारी डबे उघडल्यावर आम्ही दोघांनी सांगून टाकलं. कर्जविभागातल्या बाईंनी पर्समधून तिसरा काढला.

डायरीतली ती तूट मी अजून मिटवलेली नाही. बँकेत ज्या रकमेचा उलगडा होत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. उलगडा झाला की काढून घेतात. या आठ फवाऱ्यांचा उलगडा कधीच झाला आहे. पण नोंद मी तशीच ठेवली आहे. दर महिन्याला बाकी काढताना ती समोर आलेली बरी असते.